दारातला प्रश्न आणि वॉर्डातले मौन

डॉक्टर घडवणाऱ्या भारतीय व्यवस्थेने अपंगत्वाचा विचार पुष्कळ केला आहे, पण तो जवळजवळ सगळा प्रवेशाच्या दारात उभे राहून केला आहे. कोणाला आत घ्यायचे, किती टक्क्यांपर्यंत घ्यायचे, कोणत्या अवयवाचे व्यंग चालेल आणि कोणत्या अवयवाचे चालणार नाही, यावर नियम झाले, त्यांत दुरुस्त्या झाल्या, न्यायालयांत खटले लढले गेले. आत आल्यानंतर त्या विद्यार्थ्याने साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि पुढची तीन वर्षांची रेसिडेन्सी कशी पार पाडायची, त्यासाठी कॉलेजने आणि रुग्णालयाने काय करायचे, याबद्दल नियमांनी फार थोडे सांगितले. या एकतर्फी इतिहासाचा एक परिणाम आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दिसतो. ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, असे निवासी डॉक्टर ते बोलून दाखवत नाहीत. हा त्यांच्या भित्रेपणाचा किंवा अप्रामाणिकपणाचा भाग आहे असे समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. माणूस आपली अडचण सांगतो की लपवतो, हे त्या सांगण्याची किंमत संस्थेने काय लावली आहे यावर ठरते. गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर आपल्या संस्थांनी ही किंमत कशी चढवत नेली, आणि ती जिथे उतरली तिथे काय घडले, हे दोन्ही दिसते.

या इतिहासातली दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले नाव डॉ. मेरी वर्गीस यांचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झालेल्या या तरुणीला १९५४ मध्ये मोटार अपघात झाला, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या काळी अशा डॉक्टरचे काम तिथेच संपले असे सगळ्यांनी धरले असते. वेल्लोरमध्ये तेव्हा डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायुबंध हलवण्याच्या शस्त्रक्रिया करत होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, मग ती चाकाच्या खुर्चीत बसूनही करता येईल, असा विचार तिथे झाला. मेरी वर्गीस यांनी ते काम शिकून घेतले आणि कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे त्यांनी न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनवैद्यकाचे प्रशिक्षण घेतले, परत येऊन वेल्लोरच्या त्या विभागाचे प्रमुखपद सांभाळले, आणि १९६६ मध्ये तिथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जिद्दीची गोष्ट आपण सांगतो आणि सांगावीही. पण त्या गोष्टीत संस्थेचा निर्णयही आहे. कामाची कोणती शाखा या शरीराला जमेल, टेबल आणि खुर्ची कशी असावी, प्रशिक्षणासाठी कुठे पाठवावे, हे कोणीतरी बसून ठरवले होते. ज्याला आज कायदा ‘वाजवी सोय’ म्हणतो, ती वेल्लोरमध्ये हा कायदा येण्याच्या सुमारे सहा दशके आधी झाली.

दुसरे नाव डॉ. सुरेश अडवाणी यांचे. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने त्यांना आधी प्रवेश नाकारला, कारण अशा शरीराचा माणूस डॉक्टर कसा होणार, हे तिथे कोणाला उमगत नव्हते. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही, प्रवेश मिळवला, तिथूनच एमबीबीएस आणि एमडी केले. पुढे कर्करोगवैद्यकात त्यांनी काय केले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे: १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी केलेले अस्थिमज्जा प्रत्यारोपण हे भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण म्हणून ओळखले जाते, २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले. वर्गीस आणि अडवाणी या दोघांचेही पाय चालत नव्हते. फरक एवढाच की एकीला अपंगत्व आले तेव्हा ती आत होती आणि दुसऱ्याला आले तेव्हा तो बाहेर होता. आतल्या माणसासाठी संस्थेने वाट शोधली. बाहेरच्याला संस्थेकडे स्वतःची वाट मागावी लागली. वैद्यकीय क्षमतेशी या फरकाचा काहीही संबंध नव्हता. तरीही पुढे आपल्या नियमांनी हाच फरक कायम केला.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला तेव्हा त्यात दोन वेगळे विचार होते. कलम ४७ नुसार सरकारी नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले तर त्याला काढून टाकता येत नव्हते, पदावनत करता येत नव्हते. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागे. शिक्षणसंस्थांत आणि सरकारी नोकऱ्यांत मात्र तीन टक्के आरक्षण एवढीच मुख्य तरतूद होती. वैद्यकीय प्रवेशापुरते हे तीन टक्केही मेडिकल कौन्सिलने अरुंद केले. फक्त कमरेखालच्या अवयवांचे अपंगत्व, तेही पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान, एवढ्यांनाच जागा. त्या भरल्या नाहीत तर चाळीस ते पन्नास टक्केवाल्यांना. म्हणजे विद्यार्थी पुरेसा अपंग असावा, पण फार अपंग नसावा. अंधत्व, बहिरेपण, हाताचे व्यंग, बोलण्याची अडचण यांपैकी काहीही असलेल्या मुलाने आरक्षणाचा विचारच करू नये, असा याचा अर्थ होता. त्यांच्यासमोर दोनच पर्याय उरले: वैद्यकीय शिक्षण सोडणे, किंवा लपवता येण्यासारखे असेल तर लपवून आत जाणे. लपवण्याची सवय निवासी डॉक्टरला वॉर्डात लागली असे आपण समजतो. खरे तर तिची पहिली शिकवणी प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीतच होत होती.

टक्क्यांचा हा हिशेब आला कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. भारतीय कायद्यात शरीराच्या हानीची टक्केवारी फार जुनी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कोणता अवयव गेल्यास कमाईची क्षमता किती टक्के घटली असे धरायचे, याची यादी होती. गिरणीत किंवा खाणीत जखमी झालेल्या कामगाराला किती रक्कम द्यायची, हे ठरवण्यासाठी असे कोष्टक उपयोगी होते, कारण तिथे प्रश्न ‘काय गेले’ एवढाच होता. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाबद्दलचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्याकडे काय आहे, त्यातून तो काय करू शकतो, कोणत्या साधनाने ते अधिक चांगले जमेल, हे टक्क्यांत मावत नाही. उजव्या हाताची दोन बोटे नसलेला मुलगा आणि दोन्ही गुडघ्यांत ताकद नसलेला मुलगा यांची टक्केवारी सारखी निघू शकते, पण वॉर्डात त्यांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या असतात. नुकसान मोजणाऱ्या मापाने आपण क्षमता मोजत राहिलो.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि कागदावर चित्र पालटले. अपंगत्वाचे प्रकार एकवीस झाले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्नायूंचा ऱ्हास असे तोवर दुर्लक्षित राहिलेले प्रकार आले. उच्च शिक्षणातले आरक्षण पाच टक्के झाले. कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर आणि कलम २० ने सरकारी आस्थापनांवर वाजवी सोय देण्याची जबाबदारी टाकली. पण दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, मेडिकल कौन्सिलने जी नियमावली काढली तिच्यात जुनी दृष्टी तशीच होती. दोन्ही हात शाबूत हवेत, त्यांत संवेदना आणि पुरेशी ताकद हवी, ही अट त्यात लिहिली गेली. बोलण्याच्या अडचणीच्या बाबतीत तर नियम स्वतःच्याच विरोधात उभा राहिला. आरक्षणासाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व लागत होते, आणि चाळीस टक्के झाले की विद्यार्थी अपात्र ठरत होता. ज्या प्रमाणपत्राने हक्क मिळायचा, तेच प्रमाणपत्र हक्क काढून घेत होते. अशा नियमाखाली खरे सांगणाऱ्या मुलाला शिक्षा होते, आणि ही शिक्षा पुढच्या वर्षीची मुले पाहत असतात.

मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले एक प्रकरण नेमके या विसंगतीचे होते. बोलण्याचे सुमारे ४५ टक्के अपंगत्व असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला अपात्र ठरवले गेले होते. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या मंडळाकडून नव्याने तपासणी करून घेतली. तो हे शिक्षण घेऊ शकतो असे मंडळाने सांगितले. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्या. विश्वनाथन यांनी स्पष्ट केले की केवळ टक्केवारीवरून कोणाला दूर ठेवता येणार नाही. मंडळाने विद्यार्थ्याची प्रत्यक्ष क्षमता पाहावी आणि नकार दिल्यास कारणे लिहावीत. दहाच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, स्नायूंच्या ऱ्हासामुळे ८८ टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले: वाजवी सोय हा हक्क आहे, आणि अशा सोयी हव्या असणाऱ्यांसाठी कॉलेजांत सक्षमीकरण कक्ष असावेत. २०२५ मध्ये दोन निकालांनी ‘दोन्ही हात शाबूत’ ही अटच चुकीची ठरवली. त्यानंतर मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जुलै २०२५ मध्ये अंतरिम मार्गदर्शक सूचना काढल्या. उमेदवाराने स्वतःच्या कार्यक्षमतेबद्दल प्रतिज्ञापत्र द्यावे, अशी त्यांत तरतूद आली. यातही जुना तोल बदलला नाही. आपण काय करू शकतो आणि काय नाही, हे सगळे विद्यार्थ्याने शपथेवर सांगायचे. कॉलेजात लिफ्ट चालते की नाही, प्रयोगशाळेचे टेबल किती उंच आहे, ड्युटीची रचना बदलता येते की नाही, याबद्दल कॉलेजकडून तशी शपथ कोणी मागत नाही. माहिती द्यायची एकाने आणि बांधील कोणीच नाही, अशी ही रचना आहे.

दारातल्या लढाया न्यायालयात पोचल्या. वॉर्डातल्या पोचल्या नाहीत, कारण त्या बोलल्याच जात नाहीत. निवासी डॉक्टरची स्थिती पाहिली तर याचे कारण कळते. तो विद्यावेतन घेतो, रुग्णालयाचे अर्धे काम खांद्यावर घेतो, आणि तरीही परीक्षेला बसणारा विद्यार्थी असतो. त्याच्या प्रबंधावर, लॉगबुकवर, हजेरीवर सही करणारा आणि त्याची ड्युटी लावणारा माणूस बहुधा एकाच विभागातला, अनेकदा एकच असतो. अपस्मार आहे, एका कानाने ऐकू येत नाही, नैराश्यावर औषध चालू आहे, हे ज्याला सांगायचे त्याच्याच हातात पास-नापासाचा निर्णय असेल, तर सांगणे म्हणजे स्वतःचे भविष्य दुसऱ्याच्या मर्जीवर सोपवणे होते. आयोगाच्या राष्ट्रीय कृतिदलाने २०२४ च्या अहवालात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी मांडली. भाग घेतलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्क्यांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले, तर आत्महत्येचे विचार आल्याचे ३१.२ टक्क्यांनी सांगितले. पाहणी ऐच्छिक आणि ऑनलाइन होती, म्हणून हे आकडे सगळ्यांना लावता येणार नाहीत. शिवाय असा विचार मनात येणे आणि आजार असणे एकच नव्हे. तरीही नाव न सांगता उत्तर द्यायची सोय मिळाल्यावर एवढे लोक बोलले, ही गोष्ट मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

दिव्यांग डॉक्टरांना सोयी देण्यावरचा सर्वात गंभीर आक्षेप रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. रुग्णाचा जीव डॉक्टरच्या हातात असतो, तिथे सहानुभूतीला जागा नाही, असे अनेक ज्येष्ठ डॉक्टर मनापासून मानतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात तज्ज्ञ मंडळाच्या मतापुढे विद्यार्थ्याची मागणी मान्य केली नव्हती. या आक्षेपाला भावनेने उत्तर देऊ नये. काही कामे काही शरीरांना जमणार नाहीत, हे खरे आहे, आणि ती कामे त्यांना देऊ नयेत. पण हे सगळ्याच डॉक्टरांना लागू आहे. विकृतिशास्त्रज्ञ प्रसूती करत नाही, मनोविकारतज्ज्ञ ॲपेंडिक्स काढत नाही, आणि त्यामुळे कोणी त्यांना कमी डॉक्टर म्हणत नाही. वयाच्या आठव्या वर्षी दृष्टी गेलेले डेव्हिड हार्टमन १९७६ मध्ये अमेरिकेच्या टेंपल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. अंध माणसाला सर्जन करण्याचा हट्ट तिथे कोणी धरला नाही; त्याला काय जमते हे शिकू देऊन पाहिले गेले. मर्यादा ठरवायची असेल तर ती साधने देऊन, शिकवून, तपासून मग ठरवावी. सुरक्षिततेचा खरा धोका दुसरीकडे आहे. आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप मागायला घाबरणारा, ऐकू न आलेले हृदयाचे ठोके अंदाजाने लिहिणारा डॉक्टर हा न सांगण्याचा परिणाम आहे. ज्या संस्थेत सांगणे सुरक्षित आहे, तिथले रुग्णही जास्त सुरक्षित असतात.

दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा आहे, आणि तो वॉर्डात सर्वात जास्त ऐकू येतो: एकाला रात्रपाळीतून सूट मिळाली की ती रात्र दुसऱ्याच्या माथी येते. थकलेल्या माणसाची ही तक्रार खोटी नाही. तिचे मूळ मात्र सवलतीत नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावे, आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तासांचे असावे आणि आठवड्याला एक सुट्टी असावी, असे लिहिले होते. तीन दशकांनंतर २०२४ च्या कृतिदलाला आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा सुचवावी लागली, यावरून प्रत्यक्षात काय चालते हे समजते. महाराष्ट्रात मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांत कामाची परिस्थिती वारंवार येते, तीही याच कारणाने. सगळ्यांनाच अमानुष तास असलेल्या व्यवस्थेत कोणाचीही गरज दुसऱ्यावरचे ओझे वाटणारच. दिव्यांग निवासी डॉक्टरला बारा तासांच्या आत घरी जाऊ देणे ही मेहेरबानी वाटते, कारण बाकीच्यांना त्यांचा लिहून दिलेला हक्कही मिळालेला नाही. हा हक्क सगळ्यांना दिला, तर आज सवलत म्हणून मागाव्या लागणाऱ्या अनेक गोष्टी मागाव्याच लागणार नाहीत.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. खोटी प्रमाणपत्रे घेऊन जागा बळकावणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या दिव्यांगांकडेही संशयाने पाहिले जाते. पण या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात दिले आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका एमबीबीएस पदवीधराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या निकषात बसत नव्हते. न्यायालयाने सांगितले की वाजवी सोय हा हक्क त्या निकषापुरता मर्यादित नाही. प्रत्येक व्यक्तीची गरज वेगळी पाहावी लागते, आणि काहीजण गैरफायदा घेतील या भीतीने सर्वांना नाकारता येत नाही. चाळीस टक्क्यांची रेषा आरक्षणाची आहे. सोयीसाठी ती लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांनी ही गोष्ट अजून आत्मसात केलेली नाही. टक्क्यांपेक्षा गरजेवर भर दिला तर खोट्या प्रमाणपत्राचे मोलही कमी होते, कारण बैठी ड्युटी किंवा कानाचे यंत्र यांच्यासाठी लबाडी करण्याचे कारण कोणाला नसते.

म्हणून पुढची लढाई दाराच्या आतली असली पाहिजे, आणि ती लढण्यासाठी नवा कायदा लागत नाही. निवासी डॉक्टर विद्यार्थी असेल तर २०१६ च्या कायद्याचे कलम १६ त्याला लागू आहे. सरकारी रुग्णालयाचा कर्मचारी असेल तर कलम २० लागू आहे. तो दोन्ही आहे म्हणून त्याला दोन्हींतून वगळणे हा कायद्याचा विपर्यास आहे. प्रत्येक मेडिकल कॉलेजात अपंगत्वाची माहिती घेणारा माणूस गुण देणाऱ्या आणि ड्युटी लावणाऱ्या विभागाच्या बाहेरचा असावा. ती माहिती गोपनीय राहावी. विभागप्रमुखाला आजाराचे नाव कळण्याची गरज नसते, फक्त कोणती सोय द्यायची एवढे कळले तरी पुरते. मागितलेली सोय किती दिवसांत द्यायची, नाकारल्यास कारण कोणी लिहायचे आणि दाद कुठे मागायची, हे आधी जाहीर असावे. २०१६ च्या कायद्यातली समान संधी धोरणाची आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद त्यासाठीच आहे. आणि विद्यार्थ्याकडून प्रतिज्ञापत्र मागणाऱ्या आयोगाने कॉलेजांकडूनही तेवढ्याच गांभीर्याने लेखी हमी घ्यावी: इथे रॅम्प आहे, लिफ्ट चालू आहे, साधने मिळतील, रात्रपाळीची रचना बदलता येईल. एवढे झाल्याशिवाय तरुण डॉक्टरांकडून खरेपणाची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार संस्थांना नाही. ते झाले, तर सांगण्यासाठी कोणाला धाडस करावे लागणार नाही, आणि लपवण्यात खर्च होणारी सगळी शक्ती रुग्णाच्या कामी येईल.